यादीत पाव कुठाय?

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. हे झोपलेत, मामांच्या खोलीतला टीव्ही अजून चालूच आहे, आणि मी स्वयंपाकघरात ती वही घेऊन बसलीय. पहिल्या पानावर आत्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलंय आणि त्याखाली माझ्या अक्षरात आमच्या नव्या बेकरीत काय काय ठेवायचं त्याची यादी. मार्चमध्ये लिहिली तेव्हा चाळीस पदार्थ होते, खरंच मोजून चाळीस, डोनट पण होता (लेकीचा हट्ट) आणि पिझ्झा पण. आज संध्याकाळी सात उरले. खोडून खोडून पान फाटायला आलंय.

खरं सांगायचं तर सगळा घोळ पावावरून झाला. हे बारा वर्षं मुंबईत बेकरीत होते, लाकडाच्या भट्टीवर. लादी पाव, ब्रून, कडक पाव, ह्यातच हात बसलेला. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टानं लाकडा-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅसवर नाहीतर विजेवर या म्हणून सांगितलं, मालक वयस्कर, त्यांनी नवा खर्च करण्यापेक्षा शटर खाली ओढलं आणि हे बॅग घेऊन कोल्हापूरला परत. कोर्टाचं काही चुकलं असं मला वाटत नाही, त्या धुरानं ह्यांचा खोकला बारा महिने असायचा. पण हाताला जे येतंय तेच पावाचं, त्यामुळं आपल्या बेकरीत पाव पहिला हे घरात कुणी ठरवलंच नव्हतं, ते धरूनच चाललेलो आम्ही.

मग एप्रिलमध्ये ट्रायल घेतली. सेकंडहँड गॅसचा डेक ओव्हन आलेला, एक किलो मैद्यात तीस-बत्तीस पाव बसतात, पहिल्याच दिवशी काय सुंदर लादी उतरली, वरून बदामी आणि बाजूनं कापसासारखी. हे दोन लाद्या कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडं गेले आणि दहा मिनिटांत तसेच परत. तो म्हणे पाव चांगलाय हो, पण माझ्या गिऱ्हाइकाला स्लाइस लागतो. मामा खुर्चीतनं हसायला लागले, "बारा वर्षांत इसरलास व्हय रं? कोल्लापुरात मिसळीसंगं ब्रेड असतोय." आणि खरंय की. कटात स्लाइस बुडवायचा, तो पूर्ण भिजायच्या आत तोंडात टाकायचा, मी पण लहानपणापासून तेच खात आलेय, पण ह्यांच्या पावाच्या नादात माझ्याही डोक्यातनं गेलेलं. वडापाववाले, पावभाजीवाले आहेत, नाही असं नाही, पण त्यांना पाव टाकणारे टेम्पो पहाटे पाचलाच फिरतात आणि त्यांच्या दरात आम्हाला गॅसचा खर्च सुद्धा निघायचा नाही.

त्या रात्री हे जेवले नाहीत नीट. मी पण काही बोलले नाही. काय बोलणार.

दुसऱ्या दिवसापासून यादीवर कात्री. केक, पेस्ट्री पहिल्यांदा गेली. आमच्या गल्लीपासून बसस्टॉपपर्यंत दोन अय्यंगार बेकऱ्या आहेत, ही मंडळी मूळची कर्नाटकातल्या हासनकडची, एगलेस केक त्यांचा इतका पक्का बसलाय की वाढदिवस म्हटलं की लोकांची पावलं आपोआप तिकडंच वळतात. त्यात आपण नवशिके कशाला शिरायचं. मावा केक मात्र ह्यांना ठेवायचा होता, मुंबईत शिकलेले आणि करतात पण भारी, पण आत्यांचं एकच, दुकानात अंडं नको. मी आधी वाद घातला, मग विचार केला की श्रावणात निम्मी गल्ली आधी अंडं आहे का विचारते आणि मग पाय आत टाकते, तर एकाच ओव्हनमध्ये दोन्ही करून रोज शपथा कोण घेत बसणार. मावा केक खोडला. ह्यांनीच खोडला, पेन माझ्या हातातनं घेऊन.

खारीची वेगळीच गोष्ट. मला वाटायचं खारी म्हणजे सोपी, मैदा नि मार्जरीन, लाटा, घडी घाला, परत लाटा. मे महिन्यात पत्र्याखाली करून बघा म्हणावं. दुसऱ्या घडीलाच मार्जरीन वितळून कडेनं बाहेर आलं, ओट्यावरनं ओघळून माझ्या पायावर, आणि भाजल्यावर पदर सुटायच्या ऐवजी तळलेल्या पुरीसारखं काहीतरी तयार झालं. लेक म्हणाली आई ही शंकरपाळीय का. त्याला गार जागा लागते, एसी लागतो, नाहीतर पहाटे तीनला उठून करायची. आणि पुढं पावसाळा, कोल्हापूरचा पावसाळा, चार महिने खारी सादळणार ती वेगळीच. पण चहाबरोबर खारी नाही अशी बेकरी लोक बेकरी मानणारच नाहीत, म्हणून ती मोठ्या बेकरीतनं आणून ठेवायची असं ठरलं, रोज थोडी थोडी, मार्जिन कमी पण दारात गिऱ्हाईक तरी येतंय. क्रीम रोल पण त्याच पदराचा, म्हणून तोही गेला.

मामांनी मधेच पेपर आणून दाखवला की सप्टेंबर २०२५ पासून बिस्किट-केकचा जीएसटी १८ चा ५ टक्के झालाय आणि साध्या ब्रेडवर तर नाहीच, म्हणजे ब्रेडच धरा. मी म्हटलं मामा आपली वर्षाची विक्री ४० लाखाच्या वर जाऊ दे तर खरी, मग बघू जीएसटीचं. ते म्हणाले जाईल की. बरं.

तर शेवटी स्लाइस ब्रेड. आणि पावात हात बसलाय म्हणून ब्रेड येईल असं काही नसतंय, हे आम्हाला तीन वेळा कळलं. पाव एकमेकांना टेकून फुगतात, ब्रेडला झाकणाचा डबा लागतो, चारशे ग्रॅमचा ब्रेड हवा तर साडेचारशेचा गोळा टाकायचा कारण भाजताना पाणी उडून वजन घटतं. पहिल्या वेळी वरच्या बाजूला एवढं मोठं भोक. दुसऱ्या वेळी पीठ मळताना वळीव आला, लाईट गेली, मिक्सर अर्ध्यात बंद, राहिलेलं हातानं मळलं दोघांनी मिळून आणि ते डब्यातनं काढल्यावर बाजूनं आत बसलं, गाल बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. मला इतकं हसू आलं आणि ह्यांना इतका राग. त्याचे टोस्ट केले, कापून मंद आचेवर वाळवले, आत्यांनी शेजारीपाजारी वाटले आणि गंमत म्हणजे त्या टोस्टांचीच पहिली ऑर्डर आली! म्हणून यादीत टोस्ट. गोल बटर आहेच, चहात टाकून फुगवून खायचे ते, बन आहे, नानकटाई आहे.

आणि सातवा पदार्थ तर आम्ही ठरवलाच नाही, तो स्वतः चालत आला. मागच्या आठवड्यात समोरच्या काकू स्टीलचा मोठा डबा घेऊन दारात उभ्या, झाकणावर त्यांच्या लग्नाची तारीख कोरलेली, आत घरच्या गव्हाचं पीठ, वर एका पिशवीत पिठीसाखर, दुसऱ्यात तूप. म्हणाल्या, "अगं भट्टी चालू केलीयस म्हणं, बिस्किटं करून देतीस का? नातवंडं आल्यात." मला एकदम आठवलं, आम्ही पण लहानपणी मेच्या सुट्टीत असंच डबा घेऊन बेकरीत जायचो, नंबर लावायचो, आपला डबा दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून तिथंच उभं राहायचो. परत येताना डबा गरम असायचा, तो पोटाशी धरून. ते मधे कधी बंद पडलं कळलंच नाही. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे म्हणाले किलोवर मजुरी घेऊ, जिन्नस तुमचा. वजन लिहून घेतलं, काकू स्टूल टाकून बसल्या शेवटचा ट्रे निघेपर्यंत, आणि सारखं सांगत होत्या थोडी खरपूस होऊ दे, थोडी खरपूस. दुसऱ्या दिवशी तीन डबे आले. एकात नाचणीचं पीठ होतं. ह्यात आमचं भांडवल शून्य, माल उरायची भीती नाही, बेकरी अजून उघडायची आहे आणि ओव्हन दुपारचा रिकामा राहत नाही. चाळीस पदार्थांत मला हे सुचलं नव्हतं.

आज ब्रेड तिसऱ्या वेळी बरोबर उतरला. मिसळवाल्यानं स्लाइस उचलून उजेडात धरून बघितला, मग कटात बुडवला, मोडला नाही. रोज सकाळी साडेसहाला वीस ब्रेड म्हणाला. म्हणजे ब्रेड आदल्या रात्रीच भाजून, गार करून ठेवायला पाहिजे, गरम कापला तर चुरा होतो. म्हणजे झोपेचं काय ते बघावं लागेल.

आत्ता यादी नवीन पानावर उतरवून घ्यावी म्हणून वही उघडली तर खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात ह्यांनी लिहिलेलं दिसलं. कधी लिहिलं काय माहीत. "पाव – फक्त संध्याकाळी ५ ला, गरम, २ लाद्या." म्हणजे सात नाही, आठ.

बारा पावांची एक लादी धरली तर दोन लाद्यांना पाऊण किलो मैदा. बसतंय. पेनानं लिहिलं.