राणीची सोनोग्राफी, आणि नाही, पिल्लं नाहीयेत

आमच्या कुत्रीची, राणीची, सोनोग्राफी करून आणली म्हटल्यावर बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचा एकच प्रश्न, "अय्या, किती पिल्लं आहेत?" अहो, पिल्लं किती हे मोजायला तर सोनोग्राफी तितकीशी कामाचीच नाही. साधारण २५ दिवसांनंतर पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात हे खरं, पण आकडा हवा असेल तर शेवटच्या आठवड्यात, हाडं धरली की एक्स-रे काढतात.

आमचं प्रकरण वेगळं होतं. हीट (माज) संपून महिना-दीड महिना झालेला, बाई पाण्याचा बाउल सारखा रिकामा करतायत, जेवणाकडे बघत नाहीत. व्हेट म्हणाले स्पे (नसबंदी) केलेली नाहीये ना, मग पायोमेट्रा नाही ना ते आधी बघू. म्हणजे गर्भपिशवीत पू. कधीकधी बाहेर काहीच येत नाही, सगळं आतच साठतं आणि तेच जास्त धोक्याचं, म्हणून डाग दिसले नाहीत म्हणजे सगळं ठीक असं समजून बसू नका प्लीज.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगतात (पाणी चालतं, तरी विचारून घ्या) कारण पोटात अन्न आणि गॅस असला की त्याच्या मागचं काही दिसत नाही. शक्यतो शू पण करू देऊ नका, भरलेलं ब्लॅडर नीट दिसतं. आता सकाळी खाली उतरवल्यावर पहिल्या खांबापाशी कुठला कुत्रा थांबणार नाही ते मला सांगा! पोटावरचे केस क्लिपरने उडवतात कारण केसांत हवा अडकते आणि सोनोग्राफी ज्या आवाजावर चालते तो हवेतून पुढे जात नाही. भूल वगैरे काही नाही, व्ही आकाराच्या गादीत उताणं झोपवलं, मी पुढचे पाय धरले, जेल थंड लागलं तेव्हा थोडी गुरगुरली, बस्स.

स्क्रीनवर पाणी काळं दिसतं, खडा असेल तर पांढरा आणि त्याच्या मागे काळी सावली. एरवी गर्भपिशवी इतकी बारीक असते की शोधावी लागते, राणीची मात्र जाड काळ्या नळ्यांसारखी फुगलेली, म्हणजे पायोमेट्राच, मला पण कळलं. लगेच रक्त तपासलं आणि त्याच दिवशी ऑपरेशन करून पिशवी काढली. आता पोटावर टक्कल आणि गळ्यात कॉलर, पण जेवतेय.

जवळच्या क्लिनिकमध्ये मशीन नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथेच १८८६ पासूनचं व्हेटर्नरी कॉलेज पण आहे, फक्त गर्दीची तयारी ठेवून जा. कॅबवाले कुत्रा बघून कॅन्सल करतात, तेव्हा बुक करतानाच फोन करून सांगा. आणि मोठा जुना टॉवेल न्या, ते जेल क्लिनिकच्या टिश्यूने निघत नाही.