शेवटची पाळी कोणत्या तारखेला?

सैनिकी प्रशिक्षणात मुलींना मुलांपेक्षा जास्त स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक चीर, होतात, हे जुनंच. त्याची कारणं शोधणाऱ्या अभ्यासात प्रश्नावली भरून घेणं माझ्याकडे होतं.

'पाळी नियमित येते का?' जवळपास सगळ्यांची खूण 'हो'वर. असणारच! फॉर्म हॉलमध्ये भरले, मागे प्रशिक्षक हाताची घडी घालून उभ्या. असा प्रश्न घालणाऱ्यांना पाळी कधी आलीच नसावी.

मुलाखतीत मी तारीख विचारली. मुलीने बोटं मोजली, मध्येच थांबली. "पाच महिने झाले असतील. बरंच ना मॅडम, कटकट नाही."

बरं कसलं? मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर काटकसर करतं. पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं कमजोर होतात. खेळाडूंमधल्या या प्रकाराला ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये रेड-एस असं नाव दिलं. इथे त्यात पाठीवरचं ओझं, आणि उंच मुलांच्या पावलाशी पाऊल जुळवणं.

तिला एका पायावर उड्या मारायला सांगितल्या. उजव्यावर दहा, सहज. डाव्यावर तिसऱ्या उडीला चेहरा तसाच, पण मूठ आवळली. कुठे दुखतं? बोट जांघेवर गेलं.

नडगी असती तर मी एवढी घाबरले नसते. तिथे दुखरी जागा बोटाखाली सापडते. जांघेतलं दुखणं म्हणजे मांडीच्या हाडाची मान असू शकते. तिथली चीर सरकली तर ऑपरेशन, आणि कधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच जातो. सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो, एमआरआयच लागतो.

"लिहू नका मॅडम. मागच्या बॅचला टाकतील."

संध्याकाळी मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं. एमआरआयमध्ये चीर निघाली, सरकायच्या आधी. गंभीर धोका दिसला तर गुप्तता मोडता येईल, असं संमतीपत्राच्या दुसऱ्या पानावर होतं. तिने न वाचता सही केली होती. केली कशी, तर मीच "नेहमीचंच आहे" म्हणत पान उलटलं होतं. ती मागच्या बॅचला गेली. माझ्याशी बोलत नाही.

पुढच्या फेरीत मी भांडून फॉर्ममधला प्रश्न बदलून घेतला: शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहा. फॉर्म परत आले. एकापाठोपाठ एक, प्रत्येकीच्या तारखांत बरोबर 28 दिवसांचं अंतर.