‘अहो’ने फोडलेलं गुपित

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’च्या १९८८ च्या टेलिफिल्मची (होम्स जेरेमी ब्रेट, वॉटसन एडवर्ड हार्डविक) मराठी सबटायटल तपासायला आम्ही मुद्दाम कादंबरी न वाचलेल्या बाईंना बसवलं होतं. स्टेपलटन आणि त्याच्या बहिणीचा प्रसंग संपताच त्यांनी फाइल थांबवली. “हे नवराबायको आहेत ना?”

आहेतच, पण ते कळायचं शेवटाकडे. इंग्रजीतला ‘यू’ नातं सांगत नाही. मला शेवट ठाऊक होता, म्हणून मी तिच्या तोंडी सहज “अहो, ऐका ना” घातलं होतं. मग दोघांमधले सगळे क्यू (पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या ओळी) शोधून “जॅक, ऐक ना” केले (जॅक म्हणजे स्टेपलटन) आणि गुपित उघडल्यानंतरही ‘तू’च ठेवलं. मध्येच ‘अहो’ आलं असतं तर ती चूक वाटली असती.

क्रियापदाच्या लिंगाची भीती त्याहून जास्त होती, कारण गुन्हेगार बाई की पुरुष हे मराठी क्रियापदच सांगून टाकू शकतं. तिथे मात्र मराठी नपुंसकलिंग फार कामाला येतं. ‘कोणीतरी उभं होतं’ यात बाई की पुरुष, पत्ता लागत नाही. ‘कोणीतरी बूट चोरला’ हेही सुरक्षित, कारण क्रियापद बुटाप्रमाणे चालतं.

त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो डॉ. मॉर्टिमरच्या वाक्याने. ठसे एका प्रचंड हाउंडचे होते, असं तो सांगतो आणि इंग्रजीत ‘हाउंड’ अगदी शेवटी येतो. सरळ मराठी केलं की ‘होते’ शेवटी जातं आणि धक्का आधीच वाचून होतो. म्हणून दोन क्यू केले: “मिस्टर होम्स, ते ठसे होते...” आणि नटाचा आवाज चढतो त्या फ्रेमवर “एका अजस्र शिकारी कुत्र्याचे!” दोन्हींत दोन फ्रेमचं अंतर. दुसरा क्यू वाचायला अपुरा पडत होता, तो पुढच्या शांततेत ताणला. ओळ वाचायला वेळ कमी पडतो, असा सॉफ्टवेअरचा इशारा तरीही लाल. ‘कुत्र्याचे’ डोळ्याला तीन अक्षरं, पण सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजून दहा धरतं. असा इशारा आला की शब्द कापण्याआधी मोठ्याने वाचून बघावं.

सावध करणाऱ्या निनावी चिठ्ठीत बाकी शब्द ‘टाइम्स’मधून कापलेले आहेत, फक्त ‘मूर’ (उघडी, ओसाड जमीन) शाईने लिहिलेला. होम्सच्या तर्कात तो एक शब्द महत्त्वाचा आहे. ‘मूरपासून दूर राहा’ लिहिलं की प्रत्यय त्याला चिकटतो, मग शाईने नेमकं काय लिहिलंय? ‘मूर या भागापासून’ केल्यावर शब्द सुटा झाला. ‘माळरान’ मी घेतलं नाही. त्याने आपल्याकडची कोरडी, पिवळ्या गवताची जमीन डोळ्यापुढे येते आणि कथा घडते ते इंग्लंडमधलं डार्टमूर ओलं, दलदलीचं आहे.

दुरुस्त फाइल त्याच बाईंना दाखवून उपयोग नव्हता. संध्याकाळी कथा ठाऊक नसलेला दुसरा माणूस बसवला. भावाबहिणीचा प्रसंग आला, गेला. त्याने काही विचारलं नाही.