वाल्मोंतोनेचा रस्ता आणि कास्सिनोतलं यशवंत घाडगे हे नाव

रोममध्ये राहणाऱ्यांना वाल्मोंतोने म्हटलं की सेल आठवतो. तिथं मोठं आउटलेट आहे, जवळच मुलांसाठी मनोरंजन पार्क आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दीला तोटा नसतो. मीही तिथून मुलांचे हिवाळी कोट आणलेत. पण मे १९४४ मध्ये या गावावरून जाणारा रस्ता दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेतला सगळ्यात मोलाचा रस्ता होता. तो रोखायचं सोडून एक सेनापती रोमकडे वळला. त्या निर्णयाचा मला अजून राग येतो. तो का, हे कळायला आधी कास्सिनोला जावं लागतं.

रोमहून वाल्मोंतोनेवरूनच जाणारी गाडी दोनेक तासांत कास्सिनोला पोचते. स्टेशनाबाहेर आलं की डोंगर एकदम अंगावर येतो आणि पाचशे मीटर उंचीवर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ दिसतो. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ही जागा समजावून सांगावी लागत नाही. घाटाच्या तोंडाशी किल्ला असावा तसा हा डोंगर लिरी नदीच्या खोऱ्यावर बसलाय, आणि दक्षिणेकडून रोमला जाणारी मुख्य वाट त्या खोऱ्यातून जाते. जर्मन सेनानी केसेलरिंगने गुस्ताव फळी, म्हणजे बचावाची तटबंद रांग, इथंच रोवली होती. जानेवारी ते मे १९४४ या काळात दोस्त राष्ट्रांनी तिच्यावर चार वेळा हल्ले चढवले.

पहिले तीन हल्ले फसले. या टप्प्यात मला मोठा वाटतो तो फ्रान्सिस टकर, आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचा प्रमुख. त्याचं म्हणणं होतं की डोंगरावर डोकं आपटू नका, वळसा घालून मागून या. मठावर हल्ला करायचाच असेल तर भिंती किती जाड आहेत ते तरी सांगा, असं तो वरच्यांना विचारत होता. कुणालाच ते ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने नेपल्सच्या पुस्तकाच्या दुकानांतून १८७९ सालचं एक पुस्तक मिळवलं आणि त्यावरून कळवलं की पायाशी भिंत निदान दहा फूट जाड आहे, साध्या तोफांनी काही होणार नाही, जड बॉम्बच लागतील. आजारपणामुळे त्याला डिव्हिजन दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली. त्याच्या सल्ल्यातला वळशाचा भाग बाजूला पडला आणि बॉम्बचा तेवढा उचलला गेला. १५ फेब्रुवारीला सव्वादोनशेच्या आसपास विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत आसऱ्याला आलेले गावकरी मेले. जर्मन सैनिक तर तोवर मठात नव्हतेच, ते नंतर ढिगाऱ्यात येऊन बसले आणि तो ढिगारा त्यांना मठापेक्षाही सोयीचा ठरला. भारतीय पलटणी हल्ल्याला तयार होण्याआधीच बॉम्ब पडून गेले होते. त्यानंतरच्या दिवसांत त्या उघड्या खडकांवर ब्रिटिश, राजपुताना रायफल्स आणि गुरखा जवानांनी जे सोसलं, त्याला या घाईइतकं दुसरं कारण मला दिसत नाही.

मे महिन्यात इटलीतल्या दोस्त फौजांचा ब्रिटिश प्रमुख अलेक्झांडरने डाव नव्याने मांडला. ब्रिटिशांची आठवी सेना गुपचूप कास्सिनोसमोर आणली, समुद्रमार्गे नवा हल्ला होणार अशी हूल जर्मनांना दिली आणि ११ मेच्या रात्री ११ वाजता तोफा सुरू केल्या. आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. पण फळी मोडली ती फ्रेंच सेनापती झुआँने. ज्या औरुंची डोंगरांतून फौज नेता येणारच नाही असं जर्मन धरून चालले होते, त्याच डोंगरांतून त्याने मोरोक्को-अल्जीरियाचे डोंगरी सैनिक खेचरांसह पुढे काढले. टकर सांगत होता तोच वळसा, फक्त डोंगराच्या दुसऱ्या अंगाने. १८ मेला पोलिश सैनिक मठाच्या अवशेषांवर पोचले.

झुआँचं कौतुक मात्र या भागात जपूनच करावं लागतं. त्याच्या मोरोक्कन तुकड्यांनी एस्पेरिया आणि आसपासच्या गावांत बायकांवर अत्याचार केले. इथले म्हातारे लोक त्या दिवसांना ‘मारोक्किनाते’ म्हणतात आणि विषय बदलतात. डावपेच अभ्यासणाऱ्यांनी हेही त्याच पानावर लिहायला हवं.

आता वाल्मोंतोने. जानेवारीपासून रोमच्या दक्षिणेला आन्त्सिओच्या किनाऱ्यावर अडकून पडलेली अमेरिकन फौज २३ मेला बाहेर पडली. अलेक्झांडरचा हुकूम स्पष्ट होता: वाल्मोंतोनेला जा, कास्सिनोहून मागे येणाऱ्या जर्मन दहाव्या सेनेची वाट कापा. २५ मेला, मुक्काम टप्प्यात आलेला असताना, अमेरिकन पाचव्या सेनेचा प्रमुख जनरल मार्क क्लार्कने बहुतेक फौज रोमच्या दिशेने वळवली. आन्त्सिओच्या फौजेचा प्रमुख, प्रत्यक्ष लढणारा ट्रस्कॉट हुकूम ऐकून चक्रावून गेला. क्लार्कला रोममध्ये सगळ्यांत आधी आणि आपल्याच सेनेने शिरायचं होतं. ४ जूनला तो शिरला. ६ जूनला नॉर्मंडीत दोस्त उतरले आणि रोमची बातमी दोन दिवसांत मागे पडली. जर्मन सेनापती फिटिंगहोफची दहावी सेना निसटली.

वाट कापली असती तरी जर्मन दुसऱ्या रस्त्यांनी निघाले असते, असं काही इतिहासकार म्हणतात. थोडे निघालेही असते. पण सगळा सापळाच उघडा टाकायला ते कारण मला पुरेसं वाटत नाही.

कारण निसटलेली सेना एकेका डोंगररांगेवर थांबत, लढत उत्तरेकडे गेली, आणि तिच्या मागे आपली मराठी पोरं गेली. रोमच्या मधून वाहणाऱ्या तेव्हेरे नदीच्या, म्हणजे टायबरच्या, वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन एका जर्मन मोर्चावर चालून गेले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. मशीनगनच्या माऱ्यात ते सोडून तुकडीतले सगळे पडले. ते एकटे धावत गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझीन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

त्यांची कबर कुठंच नाही. नाव आहे ते कास्सिनोच्या राष्ट्रकुल युद्धस्मशानात. तिथं चार हजारांवर कबरी आहेत, आणि ज्यांना कबर मिळाली नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं हिरव्या संगमरवराच्या उंच फलकांवर कोरली आहेत. रेजिमेंटवार शोधत गेलं की मराठा लाइट इन्फंट्री येते, आणि मग एकाखाली एक आपल्या गावाकडची आडनावं. रोमन लिपीत असली तरी डोळा ओळखतो. मी तिथं नावं मोठ्याने वाचते. इतक्या दूर ती कुणी नीट उच्चारली नसतील, म्हणून.

क्लार्कला पुढे बढती मिळाली. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव दोन जखमी साथीदारांना सुरुंगांतून वाहून नेत होते, एकट्याने तीन मशीनगन ठाणी मोडत होते आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्यांना बोलवत होते, तेव्हा इटलीतल्या सगळ्या दोस्त फौजा क्लार्कच्याच हाताखाली होत्या. समोरच्या जर्मनांचा प्रमुख होता तोच फिटिंगहोफ. २९ एप्रिलला त्याच्या प्रतिनिधीने कासेर्ता इथं शरणागतीवर सही केली, वाल्मोंतोनेनंतर तब्बल अकरा महिन्यांनी. जाधव जगले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी परतले.

रोमला येणार असाल तर कोलोसियम आणि व्हॅटिकननंतर एक दिवस कास्सिनोसाठी ठेवा. सकाळची गाडी धरा. युद्धस्मशान स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे, मठासाठी मात्र वाहन लागतं. गाडी भाड्याने घेऊन उत्तरेकडे जाणार असाल तर उंब्रियातल्या मोंतोने गावात थांबा. तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलंय. माणगाव, महाड, पोलादपूरकडचं कुणी येणार असेल आणि घरातलं कुणी इटलीच्या लढाईत गेलं असेल, तर नाव आणि बटालियन आधी कळवा. फलक शोधून ठेवीन, आणि जमलं तर सोबतही येईन.