पणजीहून निघालेला पासपोर्ट

पासपोर्ट नूतनीकरणाबद्दल मी फारसं सांगणार नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही. ऑनलाइन फॉर्म, अपॉइंटमेंट, फोटो, बोटांचे ठसे, पोलीस पडताळणी, सगळं सुरळीत. पोलिसाने तर चहासुद्धा घेतला नाही. स्पीड पोस्टने रवाना झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी वेर्ण्याला शिफ्टवर होतो. बोटीवरच्या नोकरीचा एजंट रोज सकाळी फोन करून पासपोर्टची प्रत मागत होता, त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, 'आला म्हणून समज.'

पणजीहून कदंबा (आमची सरकारी बस) पकडली तर आमचा गाव दोन तासांच्या आत येतो. पाकीटही तालुक्याच्या पोस्टात झटपट पोचलं. ट्रॅकिंगवर तसं दिसत होतं. तिथून पुढे मात्र गाडी हलेना. मी जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, झोपण्यापूर्वी तो तेरा अक्षरांचा नंबर टाकून पाहायचो आणि रोज तीच ओळ. मग एका दुपारी नवी ओळ उमटली: 'डोअर लॉक्ड'.

आमच्या दाराला कुलूप? त्या दिवशी अंगणात भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं वाळत घातलेली आणि आई काठी घेऊन कोंबड्या हाकत सोप्यावर बसलेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. 'कोणी आलं होतं का?' विचारलं तर म्हणाली, 'मासेवाला आला होता.'

रजा टाकून गावच्या शाखा डाकघरात गेलो. शाखा डाकघर म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कॅनव्हासची पिशवी. हे दिवसाचे काही तासच उघडं असतं, हे लक्षात ठेवा, नोकरीवरून परतताना तिथे कुलूपच भेटतं. (कुलूप असलंच तर तिथे!) नेहमीचे पोस्टमन रजेवर, बदली म्हणून शेजारच्या गावचा पोरगा. तोच तिकिटं विकतो, तोच आवर्त ठेवीचे पैसे घेतो, म्हाताऱ्यांना आधारवर पैसे काढून देतो आणि उरलेल्या वेळात टपाल वाटतो. हातातल्या मशीनला रेंज हवी म्हणून तो अधूनमधून बाहेर येऊन साकवावर उभा राहत होता. माझा नंबर पाहून म्हणाला, 'बाब, हे पाकीट वर तालुक्याला परत गेलं. वरच्या पोस्टात विचार.'

वरच्या पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, 'खाली आहे.' मी म्हटलं, खालचे म्हणतात वर आहे. 'मग खालीच विचारा.' पुन्हा खाली. तो पोरगा शपथेवर सांगतो, पिशवीत घालून दिलं. पुन्हा वर. आता खिडकीवर दुसरे गृहस्थ, त्यांची जेवणाची वेळ. एजंटाचा फोन वाजतोय. मी खिडकीचा कठडा धरून उभा राहिलो आणि ठरवलं, आज हलायचं नाही.

शेवटी पोस्टमास्तरांनीच आतलं कपाट उघडलं. रबर लावलेल्या गठ्ठ्यात माझं पाकीट होतं, पणजीला परत जाण्याच्या तयारीत. वाटप न झालेलं टपाल सात दिवस ठेवून पाठवणाऱ्याकडे परत करतात, आणि ती मुदत संपतच आली होती. ओळखपत्र पाहिलं, सही घेतली, हातात दिलं. काउंटरवरचा सगळा व्यवहार चहा पिण्याइतका.

घर सापडलं नाही, हे खरं कारण. आमच्या वाड्यावर निम्मी घरं गावकरांची, माझ्याच नावाचा आणखी एक गावकर खालच्या आळीत. आधारवरून उचललेल्या पत्त्यात घर क्रमांक आणि गाव होतं, वाड्याचं नावच नव्हतं. पाकीट दिलं गेलं नाही की मशीन कारण विचारतं, पोराने त्यातलं एक निवडलं. हे त्यानेच मला नंतर सांगितलं. त्याच्यावर राग कसा धरायचा? राग 'खालीच विचारा'वाल्या खिडकीवर आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

तर पत्त्यात वाडा घाला, जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च) घाला. पिनकोडवर विसंबू नका, 403 ने सुरू होणारा आपला एक पिनकोड अनेक गावांना मिळून असतो, म्हणून आपलं टपाल ज्या शाखेतून येतं तिचं नावही लिहा, मग ती शेजारच्या गावात का असेना. वरच्या पोस्टात सकाळी पिशव्या निघण्याआधी जा. 'डोअर लॉक्ड' दिसलं की त्याच दिवशी जा, आपोआप दुसऱ्यांदा येतील या आशेवर राहू नका. पासपोर्ट भावाला पाठवून मिळेल असं समजू नका, ज्याच्या नावाचा त्यालाच देतात. तो पणजीला परत गेला तर तिथल्या पासपोर्ट ऑफिसशी संपर्क साधावा लागतो. हो, आणि तक्रार आमदाराकडे नेऊन उपयोग नाही, पोस्ट केंद्राचं. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर ट्रॅकिंग नंबरासकट टाका. मी टाकली, उत्तर आलं: 'वस्तू प्राप्तकर्त्यास सुपूर्द, तक्रार निकाली.'

साध्या टपालाला तर नंबरही नसतो. आईच्या बँकेचं पत्र कुठल्या गावकराच्या घरी पडलंय, ते आम्ही अजून वाड्यावर विचारतोय.