नव्वद किलोमीटरकडे परत : सरावाची वही

वासालॉपेटला, म्हणजे स्वीडनमधल्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीला, मी शेवटची उतरले त्याला दहा वर्षं झाली. सेलेनहून मूरापर्यंत ९० किलोमीटर, ८ तास ४७ मिनिटं. त्याच वसंतात बर्फावरून घसरून खांदा निखळला, ऑपरेशन झालं, पाठोपाठ धाकटीचा जन्म झाला. स्की तळघरात गेल्या त्या गेल्याच. आता मार्चच्या पहिल्या रविवारसाठी पुन्हा नाव नोंदवलंय. थंड मुलखात राहून स्कीइंगला लागलेल्या आपल्या मंडळींसाठी, खास करून मध्येच थांबलेल्यांसाठी, ही वही.

१२ ऑक्टोबर
रोलर स्कीवर, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या चाकांच्या स्कीवर, ८ किलोमीटर. दम टिकला, कारण धावणं मी कधी सोडलं नव्हतं. तोल मात्र पार गेलाय. एका पायावर तीन सेकंद घसरत राहायचं, एवढीच गोष्ट जमत नव्हती. संध्याकाळी भांडी घासताना एका पायावर उभं राहायचं ठरवलं. मुलींनाही तो खेळ आवडलाय.

२ नोव्हेंबर
मी नव्हते तेवढ्यात खेळ बराच बदललाय. डबल पोलिंग तेव्हाही होतंच, पण आता आमच्या क्लबातली निम्मी माणसं ग्रिप वॅक्स (पाय मारताना स्की मागे सटकू नये म्हणून तळाला लावायचं मेण) न लावता, पाय न मारता, दोन्ही पोल, म्हणजे हातातल्या काठ्या, एकदम रोवत जातात. २०२१ साली नॉर्वेच्या टोर्ड आस्ले येर्डालेननं वासालॉपेटमध्ये ३ तास २८ मिनिटं १८ सेकंदांचा विक्रम केला तो असाच. मला मात्र खांद्याची काळजी. क्लबातल्या सत्तरीच्या एक बाई माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू हातांनी ओढतेयस. हात नुसते अडकवून ठेव आणि पोट पोलांवर टाक." ऐकायला सोपं. पण कोपराचा कोन न मोडता कमरेतून खाली कोसळायचं आणि टाचा उचलून पुन्हा उंच यायचं, हे वीस मिनिटं केलं तर पोटाचे स्नायू दुसऱ्या दिवशी हसू देत नाहीत. खांदा मात्र शांत. दहा वर्षांपूर्वी हे मला कोणी सांगितलं असतं तर!

या बाई १९८१ साली वासालॉपेटमध्ये होत्या. स्त्रियांना अधिकृत परवानगी मिळाली ते पहिलं वर्ष. मार्गिट नूर्डिन १९२३ सालीच पूर्ण अंतर गेली होती, आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांवर बंदी आली. मी क्लबातल्या बाईंना १९८१च्या त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, बर्फ चांगला होता.

७ डिसेंबर
स्टॉकहोमजवळच्या ओगेस्टाला तोफांचा, म्हणजे यंत्रांनी बनवलेला, बर्फ पडलाय, लहानशी फेरी सुरू झाली. जुन्या क्लासिक स्की घातल्या आणि वाईट वाटलं. उतारावर सगळे माझ्या पुढे निघून जात होते. आधी वाटलं वॅक्स चुकलं, खरवडून पुन्हा लावलं. तेच.

घरी येऊन कागदाची परीक्षा केली. सपाट फरशीवर दोन्ही स्की ठेवून त्यांवर उभं राहायचं आणि नवऱ्याला पायाखालून कागद सरकवायला सांगायचं. वजन दोन्ही पायांवर सारखं असताना कागद मोकळा सरकला पाहिजे, सगळं वजन एका पायावर घेतलं की घट्ट अडकला पाहिजे. माझा कागद दोन्ही वेळा अडकला. म्हणजे स्कीची कमान माझ्या वजनाखाली कायमच दबलेली, आणि ग्रिप वॅक्स घसरतानाही बर्फाला घासतंय. स्की जुन्या झाल्यात हे खरं, पण मुख्य कारण असं की माझं वजन तेव्हापेक्षा सात किलोनं जास्त आहे. स्की त्या वेळच्या मला मापून घेतलेल्या होत्या.

ही गोष्ट मी आठवडाभर मनात घोळवत होते. परत येताना मी जुनी वेळ, जुने टप्पे, जुनं साहित्य सगळं तसंच उचललं होतं. सरावाचा तक्ताही दहा वर्षांपूर्वीचाच. तो आता फाडलाय.

२१ डिसेंबर
आजच्या वजनावर मोजून नवी जोडी घेतली. स्किन स्की घेऊ का, यावर दुकानात तासभर गेला. तळाला मोहेरची पट्टी, वॅक्सची कटकट नाही, शून्याच्या आसपासच्या लहरी हवेत तर वरदानच. तरी मी वॅक्सच्याच घेतल्या. थंड, कोरड्या बर्फावर निळ्या वॅक्सचे चार पातळ थर बुचानं घासून लावले की पाय मारताना जो अलगद चावा बसतो, तो मला पट्टीत मिळत नाही. त्या चाव्यासाठीच तर मी परत आलेय.

जुन्या जोडीवर कधीकाळी वेगासाठी फ्लोरिनच्या पावडरी चढवलेल्या. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं स्पर्धांत फ्लोरिनवर पूर्ण बंदी घातली, आणि ते योग्यच केलं. ती रसायनं मोडत नाहीत, बर्फ वितळला की तळ्यात जातात. जुने ब्रशसुद्धा वापरू नका, त्यांच्यात अंश राहतो.

१४ जानेवारी
संक्रांत. उणे ११ अंश, ३१ किलोमीटर. खिशातली चिक्की दगड झाली होती, चावताच येईना. खजूर-तिळाचे छोटे लाडू आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवले तर शेवटपर्यंत मऊ राहतात. दर चाळीस मिनिटांनी एक. स्पर्धेत ठाण्यांवर ब्लूबेरीचं गरम सूप मिळतंच, पण शेवटच्या गटाला दोन ठाण्यांमध्ये फार वेळ लागतो.

मी शेवटच्याच, दहाव्या गटात असणार. जुना निकाल आता गट ठरवायला चालत नाही. सुरुवातीलाच तीन किलोमीटरचा चढ, त्यावर हजारोंची गर्दी, मागच्यांना तो चढायला तासही लागू शकतो. पोल तिथेच मोडतात. म्हणून चढाची घाई करायची नाही, पोल अंगाशी धरायचे, हे आत्ताच मनाशी पक्कं केलंय.

७ आणि ८ फेब्रुवारी
शनिवार-रविवार मूराला जाऊन आलो. मार्ग तयार असतो, कोणीही जाऊ शकतं. नवऱ्यानं दोन्ही दिवस ऑक्सबर्गला सोडलं आणि मी स्पर्धेच्या वाटेनं मूरापर्यंतचे शेवटचे २८ किलोमीटर दोनदा केले. शनिवारी उणे ६, निळं वॅक्स, २ तास २४ मिनिटं. रविवारी ऊन आलं, बर्फ ओलसर झाला, जांभळं लावायला हवं होतं ते मी लावलं नाही. ऑक्सबर्गनंतरच्या आबोरबेर्येटच्या चढावर पाय मागे सटकत राहिले. २ तास ५१. आता पट्ट्यात दोन वॅक्स आणि बूच ठेवणार, आणि पाय सटकला की थांबून लावणार. दोन मिनिटं जातात, पण नंतरचा प्रत्येक चढ वाचतो.

होकबर्गच्या पुढे, एल्ड्रिसकडे जाताना, जंगलात मी एकटीच होते. सपाट वाट, दोन पोल, एक पाय, दोन पोल, एक पाय. पंधरा-वीस मिनिटं मी काहीच मोजलं नाही. डोळे का भरून आले ते मला सांगता येणार नाही, पण ज्यांनी हे सोडून पुन्हा धरलंय त्यांना कळेल.

खांदा रात्री दुखला नाही.

अजून तीन आठवडे. पुढच्या शनिवारी ४५ किलोमीटर, तेही हळू, मग फक्त छोट्या फेऱ्या. पोलांची टोकं बोथट झालीत, मूराच्या आधीच्या बर्फाळ वळणावर ती घसरली. उद्या त्यांना धार लावायची आहे.