वाड्याच्या चौकटीतून उकुलेलीचा माथा

नारायण पेठेतला मैत्रिणीचा वाडा पाडला, तेव्हा खिडकीच्या चौकटीचा दोन फुटी सागवान मी मागून आणला. भाचीच्या टेनर उकुलेलीची, म्हणजे गिटारसारख्या चार तारांच्या छोट्या वाद्याची, मान त्यातूनच करायची, असं ठरवलं. मानेसाठी बरेच जण महोगनी घेतात, सागवान जरा जडच. पण इतके पावसाळे काढलेलं लाकूड आता सहसा वाकत-पिळत नाही, याचा मोठा भरवसा होता.

हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात तो माथा, मागे झुकलेला असला की तारा नटवर, म्हणजे माथ्यालगतच्या खाचा असलेल्या पट्टीवर, दाबून बसतात. फेंडर कंपनीच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारचा माथा झुकलेला नसतो, म्हणून तिथे काही तारांना खाली ओढणारे छोटे आकडे लावावे लागतात. मी 15 अंश धरले. हा कोन अख्ख्या लाकडातून कोरला तर शिरा मध्येच तुटतात आणि वाद्य पडलं की माथा नेमका तिथे मोडतो. म्हणून पट्टी तिरकी कापायची आणि कापलेला तुकडा उलटा करून चिकटवायचा. याला स्कार्फ जॉइंट म्हणतात. 20 मिलिमीटर जाडीत 15 अंशांचा काप सुमारे 77 मिलिमीटर लांब होतो. एवढा उतार हाताने सरळ कापायचा, खरी मेहनत इथेच.

पहिल्याच दिवशी करवत खर्रकन अडकली. आत मोडका खिळा होता. त्याच्याभोवती लाकूड काळं पडलेलं, ते मी डाग समजून सोडून दिलं होतं. तेव्हापासून जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवते. चार दात गेले. ती करवत धार लावायला गल्लीतल्या सुतारकाकांकडे नेली, तेव्हा त्यांनी पट्टीवरची माझी खूण बघून गुण्या (काटकोनाची पट्टी) मागितला.

"ताई, एकाच बाजूला रेघ मारून कसं चालेल? वरून आणि दोन्ही बाजूंनी मारा. कोपऱ्यावर करवत लावा, दोन रेघा एकदम दिसल्या पाहिजेत. मग पलटून दुसऱ्या कोपऱ्यावरून या."

तसंच केलं. दोन्ही काप एकमेकांत उतरले आणि मधे उरलेला उंचवटा आपोआप कापला गेला. मग दोन्ही तुकडे एकावर एक, उतार एका रेषेत येतील असे आवळले आणि दोन्हींवरून एकदमच रंधा मारला.

चिकटवताना मात्र चुकलं. सागवानात तेल असतं, म्हणून आधी अ‍ॅसिटोनने पुसून लगेच ग्लू लावला, इथवर ठीक. पण क्लॅम्प आवळताच तुकडा ग्लूवरून दोन मिलिमीटर घसरला आणि सकाळी तसाच घट्ट बसलेला सापडला. जॉइंट कापून पुन्हा केला. जास्तीची लांबी ठेवली होती म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा खालच्या फळीवर दोन्ही टोकांना ठोकळे ठोकले, तुकड्याला सरकायला जागाच ठेवली नाही.

आकार काढताना आधी कागदावर नटपासून चारही तारा ओढल्या. तार नटवरून खुंटीपर्यंत जितकी सरळ जाईल तितकी खाचेत कमी अडते. बाकी आकार मग माझा. वाड्याच्या त्या खिडकीला महिरप होती, तीच माथ्यावर घेतली.

महिरपीचं टोक फार नाजूक. दोन वळणं जिथे भेटतात तिथे शिरा तोकड्या असतात, करवत एका बाजूने काढून दुसरीकडे नेली की टोक उडतं. मी कोपिंग सॉ, म्हणजे वळणं कापायची बारीक पात्याची करवत, दोन्ही खांद्यांकडून टोकापर्यंत आणली, रेघेबाहेर एक मिलिमीटर ठेवून. ते मिलिमीटर अर्धगोल कानशीने काढलं, तेही टोकाकडून खाली, एकाच दिशेने. कानस उलटी ओढली की कड कुसळासारखी उभी राहते, हे रद्दी तुकड्यावर आधीच बघून ठेवलं होतं. या टोकाला एक अख्खी संध्याकाळ दिली आणि ती द्यायलाच हवी होती.

जाडी 14 मिलिमीटरवर आणली. खुंट्यांची भोकं पुढून पाडत गेले, ड्रिलचं टोक मागे डोकावलं की पलटून मागून पूर्ण केली, म्हणजे मागची कड फुटत नाही.

परवा तारा चढवल्या. खुंटी पिळताना नटमध्ये तार अडून टिक् असा आवाज होतो, तो एकदाही झाला नाही. सूर अलगद वर गेला. आता महिरपीवर तेलाचे अजून दोन हात द्यायचेत.